पाण्यातली गोळी

कळंबा,
१८ जून २०२४

आक्का,

पायावर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण हल्ली वाकलं की पोट आडवं येतं. उभ्याचाच नमस्कार घे.

फोन केला नाही कारण फोनवर तू दर वाक्याला "काय?" म्हणतेस, मग मी ओरडतो, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून नातवाचा जाड स्केचपेन घेऊन बसलोय. बारीक अक्षर मला आता दिसत नाही, हीच ती गोष्ट.

मागच्या मंगळवारी डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यात धरायला लागलाय. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं आहे म्हणाले. मी म्हटलं, मग आजच करून टाका. त्यांनी रक्ताचा कागद माझ्यापुढं सरकवला. उपाशीपोटी साखर दोनशे अडुसष्ट, तीन महिन्यांची सरासरी साडेदहा. म्हणाले, "ही आठाच्या खाली आणा, मग या. असल्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही."

आता तू शाळामास्तरीण असलीस तरी आबांचीच लेक, तुला माझा धंदा समजावून सांगायला नको, पण सांगतो. चाळीस वर्षं मी गुऱ्हाळावर गुळव्या आहे. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, त्याचा रंग बघून आता काहिल उतरवा अशी हाक देणारा माणूस मी. हाक दोन मिनिटं उशिरा गेली की गूळ काळा पडतो, आधी गेली की पातळ राहतो. ती हाक डोळ्यांवर असते. हंगाम दिवाळीला सुरू होतोय. आमचे मालक विजयसिंह पाटील, त्यांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर दुसरा गुळव्या उभा करतील, आणि एकदा उभा राहिलेला माणूस परत बसत नाही.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर संघप्रिया यांनी गोळ्या दिल्या आणि काय खायचं नाही याचा कागद दिला. वजन ब्याण्णव भरलं. कागद सूनबाईनं वाचून दाखवला तेव्हा कळलं की मी जे जे खातो ते सगळं बंद आहे. त्यातलं खरंच लागू किती आणि उगाच लिहिलेलं किती, तेवढं सांग.

तुझा
आकाराम


गगनबावडा,
२५ जून २०२४

चि. आकाराम,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. दोन्ही पोचले असं समज.

उगाच लिहिलेलं काहीही नाही. तुझ्या सूनबाईला, तेजस्वीला, मी तो कागद पोस्टानं पाठवायला सांगितला आणि चष्मा लावून दोनदा वाचला. सोप्या भाषेत सांगते, म्हणजे तुला वाट काढता येणार नाही. साखर बंद. मैदा बंद, म्हणजे चहात बुडवायचे बटर, खारी, टोस्ट आणि मिसळीबरोबरचा पाव, सगळं बंद. पोहे, शिरा, उपमा रोज नाही. भात एक वाटी, तोही शेवटी. ज्वारीची भाकरी एकावेळी एक, फार तर दीड. भाजी, उसळ, दही, अंडी पोटभर. तुझ्या मटणाला आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला डॉक्टरीणबाईंची ना नाही. ना आहे ती त्याखालच्या भाताच्या ढिगाला. आणि गोळ्या वेळेवर घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मनानं सोडायच्या नाहीत.

गूळही बंद. आधीच सांगते, कारण साखर सोडली आणि गुळाचा चहा धरला असं तू मला कळवणारच होतास. गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ आहे, गावाकडं राहतो म्हणून साधा वाटतो एवढंच.

आता एक गंभीर. आबांची नजर गेली तेव्हा आपण सगळ्यांनी म्हातारपण म्हटलं. मी काल हिशेब केला, आबा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. तू बासष्टचा आहेस. पुढची सात वर्षं मी सुट्टीत घरी आले की त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेत असे, आणि ते प्रत्येक वेळी विचारायचे, ऊन पडलंय का. मला ते पुन्हा करायचं नाही, आकाराम. माझ्यात तेवढी ताकद उरलेली नाही.

तेजस्वी, हे त्याला नीट, सावकाश वाचून दाखव.

धोंडुआक्का


कळंबा,
२२ सप्टेंबर २०२४

आक्का,

तीन महिने लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही होऊ दे म्हणत होतो. झालं.

सरासरी आठ पूर्णांक चार. उपाशीपोटी एकशे छत्तीस. वजन त्र्याऐंशी. डॉक्टर संघप्रियांनी कागद दोनदा बघितला आणि विचारलं, "आप्पा, हा तुमचाच आहे ना?" डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, अजून थोडं खाली येऊ द्या, नऊ डिसेंबरला करून टाकू. तारीख वहीत लिहून दिली आहे. विजयसिंहांकडून चार दिवसांची सुट्टी कसलं तरी निमित्त काढून घेईन.

पहिले पंधरा दिवस मात्र विचारू नको. डोकं दुखायचं, तुझ्या भावजयीवर, शालनवर, ओरडलो, कुकरवर ओरडलो. नेहमीच्या हॉटेलात मिसळ मागवली आणि पाव नको म्हटलं, तर वाढणारा म्हणाला, "पाव नगं? मग मिसळ खाताय कशाला पावणं, घरी आमटी प्या की." चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक मी, एका पावानं पाहुणा झालो. पण उसळीची दुसरी वाटी मागवली आणि बसून खाल्ली. दुपारी झोप आली नाही. जेवलं की झोपायचं हे मला देवानं दिलेलं वाटत होतं, ते भाताचं होतं.

शालनही माझ्याबरोबर भाकरीवर आली. एकट्याला वेगळं रांधायचा कंटाळा, म्हणाली. तिचे गुडघे कमी दुखतात. श्रावणात दोघं जोतिबाला गेलो, पायऱ्यांवर मी एकदाही टेकलो नाही. वर पोचल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत येताना पिशवी माझ्याकडं दिली.

गुळाचा चहा चार दिवस घेतला होता. तुझं पत्र आलं आणि सोडला. तू सांगितलेलं सगळं बरोबर निघालं, हे एकदाच लिहितोय, पुन्हा मागू नको.

आकाराम


गगनबावडा,
३० सप्टेंबर २०२४

चि. आकाराम,

तुझं पत्र मी शेजारणीला, पोस्टमनला आणि दूध घालणाऱ्याला वाचून दाखवलं. पोस्टमन म्हणाला, बाई, पत्राला उत्तर मोठं लिहा, तिकीट तेवढंच लागतं. पण आनंदात मला लांब लिहिता येत नाही.

दिवाळीचा फराळ समोर आला की नऊ डिसेंबर आठव. शालनला माझा आशीर्वाद सांग, जोतिबाच्या पायऱ्यांसाठी.

आक्का


कळंबा,
१० डिसेंबर २०२४

आक्का,

ऑपरेशन झालं नाही.

काल सकाळी उपाशीपोटी गेलो. त्यांनी आदल्या दिवशीचं रक्त बघितलं. उपाशीपोटी दोनशे चौदा. सरासरी नऊ पूर्णांक तीन. वर गेली, आक्का. माझ्याकडं बघून डॉक्टर म्हणाले, "दिवाळी जोरात झालेली दिसते." मी काय सांगणार. लाडवाला हात लावला नाही, चकलीचा तुकडा मोडला नाही. वजन सुद्धा वाढलेलं नाही, उलट एक किलो उतरलंय. संघप्रियाबाई म्हणाल्या, काहीतरी गोड पोटात जातंय, शोधा.

घरात आता सगळे माझ्याकडं चोरासारखं बघतात. तेजस्वीनं माझ्या सदऱ्याचा खिसा तपासला, मी बघितलं. शालननं साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. बासष्ट वर्षांच्या माणसाला साखरेचा डबा वर ठेवतात.

डावा डोळा आता धुक्यात गेलाय. हंगाम चालू आहे. कसाबसा निभावतोय. मला काय वाटतं ते लिहितो. आबांचं जे झालं तेच माझ्या नशिबात असेल, तर भाकरी खाऊन ते टळणार नाही. उद्यापासून पूर्वीसारखा जेवेन म्हणतो.

आकाराम


गगनबावडा,
१५ डिसेंबर २०२४

चि. आकाराम,

पूर्वीसारखा जेवलास तर मी एस.टी.त बसून येईन आणि ताट उचलून नेईन. नशीब वगैरे मला सांगू नको. चौतीस वर्षं मुलांचे पेपर तपासले आहेत. जूनमध्ये नापास, सप्टेंबरात पास आणि डिसेंबरात पुन्हा नापास झालेला मुलगा नशिबानं नापास होत नाही. मधे काहीतरी झालेलं असतं.

तेजस्वी, हा पुढचा परिच्छेद सासूबाई समोर नसताना वाच.

मला शालनवर संशय आहे. ती वाईट नाही, फार मऊ आहे. "एवढ्यानं काय होतंय" हे तिचं वाक्य मी तिच्या लग्नापासून ऐकते आहे. गुऱ्हाळावरून दमून आलास की ती आमटीत गुळाचा खडा टाकत असणार, भात वाटीऐवजी डावानं वाढत असणार, आणि तुला दिसत नाही म्हणून तू खात असणार. तिला विचार.

आणि एक काम कर. एका दिवसात तोंडात काय काय गेलं ते सगळं लिही. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवा घालवेपर्यंत. लाजू नको, तपासणारी मी आहे.

आक्का


कळंबा,
२० डिसेंबर २०२४

आक्का,

तो परिच्छेद तेजस्वीनं वाचायला सुरुवात केली तेव्हा शालन दाराआड भाजी निवडत होती. सगळं ऐकलं. तीन दिवस आमच्या घरात भांडी नुसती ठेवली जात नाहीत, आपटली जातात. काल मला म्हणाली, "सहा महिनं तुमच्यासंगं म्या भात सोडला, आन चोर मीच व्हय?" याचं उत्तर आता तूच लिही.

आता हवं ते घे. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा. आठला एक भाकरी, मेथीची भाजी, दोन उकडलेली अंडी. डबा गुऱ्हाळावर नेतो, त्यात एक भाकरी, मटकीची उसळ, कांदा, दही. चारला पुन्हा बिनसाखरेचा चहा, मालकांकडच्या किटलीतला नाही, माझ्या थर्मासमधला. रात्री आठला आमटी, भाजी, एक भाकरी. आमटीत गूळ नसतो, मी स्वतः चुलीपाशी बसून बघितलं. बाकी पाणी. संपलं.

मधे खायला वेळ कुठं असतो. तू कधी पूर्ण दिवस गुऱ्हाळावर थांबली नाहीस, म्हणून सांगतो. दिवसाला पाच आदणं निघतात, म्हणजे पाच वेळा काहिल भरायची आणि उतरवायची. गुंडू खाली चुलीत चिपाडं घालत असतो, मी वर काठावर. रस तापला की मळी वर येते, ती काढायची. मग फेस चढतो, बसतो, बुडबुडे जाड होतात, रंग फिरतो. तेव्हापासून माझं खरं काम. उलथन्यावर थोडा पाक घ्यायचा, थंड पाण्याच्या भांड्यात सोडायचा, बोटांनी त्याची बोराएवढी गोळी वळायची. बोटाला अंदाज येतो, पण बोट फसतं. दात फसत नाहीत. गोळी दाढेखाली धरून चावली की कट्टकन तुटली पाहिजे. चिकटली तर अजून वेळ आहे. एका आदणाला चार-पाच गोळ्या बघाव्या लागतात, आणि हल्ली रंग नीट दिसत नाही म्हणून एखादी जास्तच. आबांनी मला असंच शिकवलं. चाळीस वर्षांत माझं एक आदण बिघडलेलं नाही, हे त्या दातांमुळं.

असा दिवस जातो. यात तुला चोर सापडला तर कळव.

आकाराम


गगनबावडा,
२६ डिसेंबर २०२४

चि. आकाराम,

सापडला.

काल तुझं पत्र वाचून झाल्यावर मी डब्यातला गूळ काढला. बोराएवढ्या गोळ्या वळल्या. पाच आदणं, प्रत्येकी पाच, पंचवीस गोळ्या. स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवल्या. सव्वाशे ग्रॅम भरल्या. आकाराम, तू रोज सव्वाशे ग्रॅम गूळ खातोस आणि आमटीतला खडा शोधत चुलीपाशी बसतोस.

तू खोटं बोलत नव्हतास, हे मला ठाऊक आहे. यादीत तू ते लिहिलं नाहीस कारण ते तुला खाणं वाटतच नाही. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद होतं म्हणून साखर उतरली, दिवाळीला चालू झालं आणि चढली. पंधरा दिवस आपण सगळं घर तपासलं, गुऱ्हाळ सोडून.

गोळ्या काट्यावर होत्या आणि मला आबा दिसले. तेही चावून बघायचे. काठावर उभे राहून डोळे मिटायचे आणि कानशिलाजवळचा स्नायू हलायचा. आपण लहानपणी त्यांच्यासारखं तोंड करून दाखवायचो. मी काल रडले. फार वेळ नाही, पण रडले.

उद्यापासून गोळी तोंडात घालायची नाही. एवढंच कर. बाकी सगळं तू आधीच केलं आहेस.

आक्का


कळंबा,
२ जानेवारी २०२५

आक्का,

ते खाणं नाही, ते काम आहे. सोनार सोनं कसाला लावतो, म्हणजे काय सोनं खातो?

मी भात सोडला, पाव सोडला, चहातली साखर सोडली. हे सोडणार नाही. डोळा गेलाय, बोट फसतं, उरले दात. तेही काढून घेतलेस तर काहिलीच्या काठावर उभा राहून मी काय करू, वारा घालू? आबा गेले ते गुळव्या म्हणून गेले. आंधळे झाले तरी गावात लोक गुळाचा खडा आणून त्यांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, कसा झालाय. मला कोण काय विचारेल?

तुला माझी काळजी आहे, ते मला कळतं. पण तुला माझा धंदा कळत नाही. आणि मालकांपर्यंत यातलं काही जाता कामा नये. डोळ्याचंही नाही आणि गोळीचंही नाही.

आकाराम


कळंबा,
२८ जानेवारी २०२५

आदरणीय आत्या,

हे पत्र मी, तेजस्वी, लिहिते आहे. आप्पांना माहीत नाही.

तुम्ही विजयसिंह पाटलांना पत्र लिहिलंत, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. नऊ तारखेला ते मोटारसायकलवरून घरी आले. चहा घेतला, तुमचं पत्र खिशातून काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "चौथीत बाईंच्या वर्गात हुतो. अजून बी त्यांचं अक्षर बघितलं की हात पुढं करावासा वाटतोय." मग आप्पांना म्हणाले, "आकारामभाऊ, उद्यापास्नं गोळी तोंडात घालायची न्हाय. तुम्ही घरात ऱ्हावा. पाडव्यापतोर दुसरा माणूस हुबा करतो. डोळं करून या, मग बघू."

दुसऱ्या दिवशी आप्पा जाऊन स्वतःचं उलथनं तेवढं घरी घेऊन आले. मला म्हणाले, "आक्काचं पत्र आलं तर वाचू नको, फळीवर ठेव."

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. पुढचंही सांगायचं आहे. दहा तारखेपासून आई त्यांना रोज पहाटे तलावावर फिरायला नेतात. आधी ओढून न्यायच्या, आता ते आधी चप्पल घालतात. परवा उपाशीपोटी साखर एकशे एकोणतीस आली. तुमचं बरोबर होतं.

आणि रोज दुपारी ते गॅसवर छोट्या पातेल्यात गूळ वितळवतात. पाण्यात गोळी सोडतात, वळतात, डोळे मिटतात आणि ती स्टीलच्या ताटात टाकून आवाज ऐकतात. मऊ पडली की पुन्हा आटवतात. मी विचारलं तर म्हणाले, "आबांच्याबी आधीची माणसं अशीच बघायची म्हणं. दातावर आबांनी आणलं." त्या गोळ्या खात नाहीत, मी मोजते. मुंग्यांसाठी परसात ठेवतात.

आई तुमच्यावर रागावलेल्या आहेत. कारण तुम्हाला ठाऊकच आहे.

तेजस्वी


गगनबावडा,
३ फेब्रुवारी २०२५

शालन,

हे पत्र तुला आहे. तेजस्वी, सासूबाईंसमोर आणि मोठ्यानं वाच.

मी तुझ्यावर आळ घेतला. पुरावा नव्हता, जुनी सवय होती. भावाच्या घरात काही बिघडलं की भावजयीकडं बघायचं, आमच्या पिढीला तेवढंच शिकवलं होतं, आणि मी इतकी पुस्तकं वाचूनही तेच केलं. तू त्याच्याबरोबर सहा महिने भात सोडलास आणि मी तुला चोर ठरवलं. माझी चूक झाली. माफ कर असं म्हणायला मला जड जातंय, म्हणूनच म्हणते, माफ कर.

आकाराम, तू ऐकत असशील, पलीकडच्या खोलीत का होईना. तू नको म्हटलेलं असताना मी विजयसिंहला लिहिलं. मला तुझा डोळा हवा होता, आणि त्या घाईत तुझा मान माझ्या लक्षातच आला नाही. मास्तरीण म्हणून मला वाटतं की खरं असलं की कुणालाही सांगितलं तरी चालतं. चालत नाही. पण तुझा डोळा वाचणार असेल तर मी हीच चूक पुन्हा करीन, हेही खरं आहे, आणि ते लपवत नाही.

तू लिहू नकोस. बरा हो.

आक्का


कळंबा,
४ मे २०२५

आक्का,

बारीक पेननं लिहितोय. अक्षर बघ.

मार्चच्या वीस तारखेला सरासरी सात पूर्णांक पाच आली. वजन एकोणऐंशी. चोवीसला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, खरंच पंधरा मिनिटं लागली. महिनाभर धूर आणि धूळ बंद होती, म्हणून गुऱ्हाळाकडं फिरकलो नाही. उजवा डोळा पावसाळ्यात करायचा आहे. संघप्रियाबाईंनी एक गोळी कमी केली.

चार महिने तुला लिहिलं नाही. राग होता. पण आता जे सांगतो त्यानंतर तो ठेवायला जागा उरली नाही.

पट्टी निघाली त्या आठवड्यात शालननं माळ्यावरून डबे खाली काढले. एका डब्यात मागच्या हंगामातला गूळ होता, माझ्या हातचा. मी उजेडात धरला. आक्का, तो काळा होता. काळपट नाही, काळा. दुसरा काढला, त्याच्या आदल्या वर्षीचा. तोही तसाच. मी शालनला विचारलं, हा कुणाचा. ती जरा वेळ डब्याचं झाकण पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमचाच. दोन वरसं झाली. समद्यास्नी ठावं हुतं, तुमास्नीच तेवढं न्हवतं."

तुला लिहिलं होतं ना मी, चाळीस वर्षांत एक आदण बिघडलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांकडे गेलो, घरी, गुऱ्हाळावर नाही. खरं काय ते सांगा म्हटलं. मार्केट यार्डातून दोनदा माल परत आला होता. त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, औंदा ऊसच तसा आहे. गुंडू माझ्या हाकेच्या आधीच चिपाडं घालायचं बंद करायचा, जमेल तेवढं वाचवायला, आणि मी त्याला त्यावरून शिव्या द्यायचो. त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? विजयसिंह म्हणाले, "कसं सांगू भाऊ? तुमच्या हाताखाली आमचं गुऱ्हाळ हुबं ऱ्हायलं. बाईंचं पत्र आलं आन मला तोंड फुटलं."

म्हणजे मी माझी नजर सगळ्यांपासून लपवतोय असं मला वाटत होतं, आणि सगळे मिळून ती माझ्यापासून लपवत होते. घरी येऊन मी बराच वेळ परसात बसलो. लाज वाटली. मग लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. सगळ्यात आधी गुंडूकडं गेलो.

काल मालकांचा निरोप आला. हंगाम संपत आलाय, शेवटची चार आदणं आहेत, त्यातलं एक तुम्ही बघा. आज सकाळी गेलो. नवा गुळव्या बाजूला सरकला, चांगला माणूस आहे. मी उलथनं धरलं आणि काहिलीत बघितलं. फेसाचा रंग मला दिसला, आक्का. आधी पांढरा, मग सायीसारखा, मग पिवळा चढत गेला, आणि प्रत्येक बुडबुडा वेगळा दिसत होता. हात थांबला माझा. गुंडूनं खालून विचारलं, "भाऊ, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, जाळ राहू दे.

गोळी वळली. सवयीनं हात तोंडाकडं गेला, तिथून परत आणला. ताटात टाकली, आवाज जड आला. थांबलो. दुसरीही जड. तिसरीला खणकन वाजलं आणि मी हाक दिली. गूळ निवायच्या वाफ्यात ओतला तेव्हा माणसं भोवती जमली. पिवळाधमक उतरलाय. शालन आली होती बघायला, तिनं पदर डोळ्याला लावला आणि धुराचं निमित्त सांगितलं.

विजयसिंहांनी पुढच्या हंगामाचं बोलून घेतलं. दोघं राहायचं, तो नवा माणूस आणि मी. त्याला शिकवायचं, दात न लावता.

गुळाचा पहिला रवा, अख्खी ढेप, मी तुझ्या नावानं बाजूला काढून ठेवलाय. एस.टी.नं पाठवणार नाही, तू ये. शालननंही बोलावलंय, हे तिनं मला लिहायला सांगितलं. रंग मी डोळ्यांनी बघितला, आवाज कानांनी ऐकला. गोड कसा झालाय ते मात्र मला ठाऊक नाही. तू येऊन खाऊन बघ आणि मला सांग.

तुझा
आकाराम